हरणाऱ्यांना आमंत्रण

"बसतो कसा ते बघ," असं म्हणून बाई टेबलाकडे चक्क पाठ करायच्या.

टेबलावर त्या वेळी कुणीतरी नावाजलेला खेळाडू वाकून, एक डोळा बारीक करून पांढऱ्या बॉलवर नेम धरत असायचा. सगळा हॉल श्वास रोखून त्याच्याकडे बघायचा. बाई मात्र भिंतीवरच्या आरशात बघत असायच्या. आरशात दिसायचा तो दुसरा खेळाडू, खुर्चीत बसलेला, ज्याची पाळी अजून आलेली नाही.

तुम्ही कधी पूल बघितला असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, या खेळात समोरचा जोवर एकेक बॉल खिशात पाडतोय, तोवर तुमच्या हातात काही नसतं. क्रिकेटमध्ये निदान चेंडूमागे धावता तरी येतं. इथे नुसतं बसायचं. समोरचा चुकला तर उठायचं, नाही चुकला तर बसल्या बसल्याच हरायचं. बाईंचं सगळं लक्ष त्या बसण्यावर.

बाई म्हणजे आमच्या शाळेतल्या बाई. परळच्या शाळेत त्यांनी मला सातवीत मराठी शिकवलं. पुढे मी बँकेत लागलो, अधिकारी झालो, डोक्यावरचे केस गेले, पण बाईंसमोर माझी इयत्ता काही वर सरकली नाही. त्यांच्या यजमानांचं हिंदमाताला साड्यांचं दुकान होतं. साड्यांपेक्षा बिलियर्डचा नाद जास्त. धंदा बसत गेला तसं त्यांनी एक दिवस दुकानातल्या गाद्या उचलल्या आणि चार पूल टेबलं आणून टाकली. भिंतीवरचे मोठे आरसे तेवढे राहिले. हिंदमाताला सगळीच दुकानं कापडाची. आमच्या हॉलमध्येही कापडच होतं, फक्त हिरवं आणि टेबलाला ठोकलेलं.

जुन्या सवयीने बायका अजून आत यायच्या आणि स्टिका घेतलेली माणसं बघून दचकायच्या. बाई उठून म्हणायच्या, "या, पाणी प्या. पैठणी समोर बघा. माझं नाव सांगा, भाव कमी करेल." मग आत येऊन पुन्हा आरशाकडे.

यजमानांनी मरण्याआधी काही वर्षं एक स्पर्धा सुरू केली होती. व्यावसायिक खेळाडूंची, फक्त सोळा जणांची, आणि तीही आमंत्रणावर. नुसता अर्ज करून कुणाला खेळता येत नसे. बक्षीस बरं होतं, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बाहेरगावच्या मोठ्या स्पर्धा भरवणारे लोक इथे येऊन बसायचे आणि इथूनच खेळाडू उचलायचे. यजमान गेल्यावर स्पर्धा बंद पडणार असं सगळे धरून चालले होते. बाईंनी मला बँकेत फोन केला. म्हणाल्या, "तू हिशेब बघ, सामने लाव. बोलवायचं कुणाला ते मी बघते."

"बाई, तुम्ही कधी स्टिक हातात धरली आहे का?"

"वर्गात काठी धरली तेवढी पुरे झाली."

आणि खरंच, त्यांनी शेवटपर्यंत स्टिकेला हात लावला नाही.

माझी पद्धत सरळ होती. वर्षभरात कोण किती जिंकला त्याचे गुण मांडायचे, वरचे सोळा घ्यायचे, मोकळं व्हायचं. मी रीतसर आकडेमोड करून न्यायचो आणि बाई ती पाण्याच्या ग्लासावर झाकण म्हणून ठेवायच्या. मग आरशात बघून जमवलेलं स्वतःचं मत सांगायच्या.

"हा नको. समोरचा खेळत असताना फोनमध्ये डोकं घालून बसतो. आपण कुणाला जेवायला बोलावलं आणि तो पानावर पेपर वाचत बसला तर?"

"बाई, तो महाराष्ट्रात दुसरा आहे."

"असेल. आणि तो गोरा, तो पाय हलवतो."

"पाय हलवला म्हणून काय झालं?"

"घरात पैसा टिकत नाही," बाई शांतपणे म्हणायच्या. त्याला मात्र पुढे माफी मिळाली, कारण त्याचं नुकतंच लग्न ठरलं होतं आणि बाईंच्या मते ते पाय हलवायला पुरेसं कारण होतं.

याउलट माहीमचा एक वयस्क खेळाडू दर वर्षी आमंत्रण मिळवायचा आणि दर वर्षी पहिल्याच सामन्यात घरी जायचा. त्याचा गुण एकच. समोरच्याने सुंदर बॉल पाडला की हा खुर्चीतून मोकळ्या मनाने "वा!" म्हणायचा. मी एकदा चिडलो.

"बाई, हा माणूस इथे फक्त हरायला येतो!"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. सातवीत गणित चुकल्यावर गणिताचे सरसुद्धा असं बघत नसत. "सोळा जण येतात. त्यातले जिंकणार किती?"

"एक."

"आणि हरणार?"

"पंधरा."

"मग आपण निवडतो कुणाला? जिंकणारा काय, आपला आपण निघतो. मला पंधरा चांगले हरणारे लागतात. ते मिळेपर्यंत माझ्या जिवाला चैन नसतं."

मी ग्लासावरची माझी आकडेमोड उचलली आणि घडी करून खिशात घातली.

निवड झाली की आमंत्रण. इथे तर बाईंनी कहर केला होता. फोनवर कळवलं ती बातमी, आमंत्रण हातात द्यायचं असतं, असं त्यांचं ठाम मत. म्हणून त्या लग्नाला बोलवतात तसं घरोघर जायच्या. हातात कुंकवाचा करंडा आणि डबीत कुंकू लावलेल्या अक्षता. पहिली अक्षत घरच्या गणपतीपुढे. गणपती कधी खेळायला आला नाही, पण मान त्याचा. मग माझ्या स्कूटरवर मागे बसून माहीम, गिरगाव, माझगाव, लालबाग. जिथे कुंकू चालणार नाही तिथे नारळ. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या हातात अक्षता द्यायच्या आणि म्हणायचं, "सहकुटुंब यायचं हं." व्यावसायिक पूल स्पर्धेला सहकुटुंब! पण लोक यायचे. पहिल्या रांगेत आज्या, मावश्या, शेंगदाणे. बाहेरगावचे खेळाडू आधी गोंधळायचे, मग घरी फोन करून आपल्याही आईला बोलवायचे.

नागपूरच्या खेळाडूला अक्षता कुरियरने गेल्या. त्याचा मला फोन आला, "साहेब, लग्न कुणाचं आहे? आणि आहेर काय आणू?"

बाईंना नवरा नव्हता, तरी त्या बायकांना कुंकू लावायच्या. गिरगावात एका घरी कुणाची तरी आत्या त्यावरून कुजबुजली. बाईंनी ऐकलं. म्हणाल्या, "आमंत्रण माझं आहे ना? मग करंडाही माझाच असणार." आणि आत्याबाईंनाच सगळ्यात ठसठशीत बोट लावलं.

आता नितीनचं सांगतो, म्हणजे बाई पुऱ्या कळतील.

नितीन लालबागचा. शिवडीला एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोदामात कामाला आणि उरलेला सगळा वेळ टेबलावर. हाताला असा नेम की बघत राहावं. आमच्या स्पर्धेत तो एकदाच खेळला. तो पुढे होता, जिंकतच आलेला. तेवढ्यात समोरच्याचा फटका चुकला, बॉल कुठे कुठे आपटत गेला आणि नेमका नऊ नंबरचा खिशात पडला. नऊ पडला की ती फेरी पाडणाऱ्याची, मग तो नेमाने पडो की नशिबाने. नितीन उठला आणि त्याने खुर्चीला लाथ मारली. खुर्ची आडवी झाली, तिचा पाय तडकला.

खेळाडूंच्या त्या दोन खुर्च्या बाईंच्या घरच्या. यजमान त्यांच्यावर बसून पेपर वाचायचे.

"उभा राहा," बाई म्हणाल्या. तो उभाच होता, तरी आणखी ताठ झाला. "मी असेपर्यंत तुला आमंत्रण नाही."

सगळ्यांच्या समोर म्हणाल्या. नितीन मान खाली घालून निघून गेला. बाईंनी खुर्चीला लोखंडी पट्टी ठोकून घेतली आणि होती तिथेच परत ठेवली.

त्यानंतर नितीन आमच्या हॉलची पायरी चढला नाही. दादरच्या एका हॉलमध्ये खेळायचा. दोन वर्षं माझ्या आकडेमोडीत त्याचं नाव सगळ्यात वर येत राहिलं आणि बाई ते वाचून पुढे सरकत राहिल्या. मी वाद घातला. बाहेरच्या स्पर्धांचे लोक विचारायचे, इतका चांगला खेळतो तर हिंदमाताला का दिसत नाही? आणि उत्तर मिळालं की तेही त्याला वगळायचे. गोदामाचा मालक रजा द्यायला कुरकुरायला लागला होता. पोरगा तिशीच्या पुढे गेलेला. आणखी एखादं वर्ष असंच गेलं असतं तर त्याने स्टिक माळ्यावर टाकली असती, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

"बाई, एकदा चुकला."

"मी बोलून बसले ना रे," बाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा खाली आला होता. "पोरांसमोर बोललेलं मोडलं की शिक्षकाचं काही राहत नाही." मग थोड्या वेळाने, आरसा पुसता पुसता, "हल्ली बसतो कसा तो?"

"मला काय माहीत? मी खेळ बघतो."

"तोच तर तुझा घोटाळा आहे."

त्या वर्षी आमंत्रणाच्या फेरीला निघालो तेव्हा दादरला त्यांनी स्कूटर थांबवायला लावली. म्हणाल्या, तहान लागली, पाणी पिऊन येते. शेजारी उसाच्या रसाचं दुकान, पलीकडे हॉटेल, आणि बाई शिरल्या ते जिना चढून वर. मी उन्हात उभा. बऱ्याच वेळाने उतरल्या.

"पाणी प्यायला इतका वेळ?"

"गार नव्हतं," एवढंच म्हणून त्या मागे बसल्या. माझं डोकं इतकं तापलं होतं की जिन्याच्या वर कुठला हॉल आहे हे माझ्या लक्षातही आलं नाही.

पुढचं घर लालबागला, संदीपचं. हा आमचा सोळावा खेळाडू. पूर्वी त्याच्या चाळीत बाई डोळे मिटून जायच्या, जिन्यापासून तिसरी खोली. आता चाळ पाडून तिथे टॉवर झाला होता. घरं चिठ्ठ्या टाकून वाटलेली, त्यामुळे शेजारी शेजारी राहिले नव्हते आणि सगळ्या मजल्यांवर सगळी दारं एकसारखी. नितीनही त्याच चाळीतला, म्हणजे आता त्याच टॉवरमधला. मी स्कूटर लावायला जागा शोधत होतो. लालबागला स्कूटर लावणं म्हणजे काय ते लालबागकरांनाच विचारा. बाई म्हणाल्या, "तू ये मागून, मी होते पुढे," आणि लिफ्टमध्ये शिरल्या.

मी वॉचमनशी हुज्जत घालत होतो तोवर त्या खालीही आल्या. हातात रव्याचा लाडू.

"अरे, घोटाळा झाला."

"काय?"

"मजला चुकले. संदीपचं दार म्हणून बेल मारली आणि दार उघडलं नितीनच्या आईने. माझ्या हातात करंडा, ती बाई समोर हात पसरून उभी. दिल्या अक्षता."

मी डोक्याला हात लावला. "मग सांगायचं ना, चुकून आले म्हणून!"

"त्या माउलीने मूठ मिटली. आता काय, उघड म्हणू?" असं म्हणून त्यांनी अर्धा लाडू मला दिला. "खा. आणि वर जाऊन संदीपला अक्षता देऊन ये. माझे पाय दुखतात."

झाले सतरा. सोळांच्या स्पर्धेत सतरा जण कसे बसवायचे हा प्रश्न अर्थात माझा. बाई मजेत लाडू खात होत्या. शेवटी मी एक जादा सामना लावला, स्पर्धेच्या आधी, शेवटच्या दोघांत. जो जिंकेल तो आत. गुण धरले तर नितीन सगळ्यात वर होता, पण आमंत्रणाच्या क्रमाने शेवटचे दोघे म्हणजे संदीप आणि नितीन. क्रम बाईंचा. मी तो तसाच कागदावर उतरवला.

त्या दुपारी हॉल भरला. आख्खा टॉवर लोटला होता, सहकुटुंब. नितीनची आई पहिल्या रांगेत, नवी साडी, कपाळावर बारीक कुंकू. नितीन आला आणि दुरुस्त केलेल्या खुर्चीपाशी जरा थबकला. मग बसला.

संदीपला त्या दिवशी काय झालं होतं कोण जाणे, त्याचं चुकेचना. एक फेरी, दुसरी, तिसरी. नितीन बसलेला. बाई टेबलाकडे पाठ करून आरशात. मीही, आयुष्यात पहिल्यांदा, खेळ सोडून आरशात बघायला लागलो. नितीनचे पाय जमिनीवर, स्टिक उभी धरलेली, नजर टेबलावर. मग त्याची पाळी आली आणि त्याने तीन फेऱ्या परत घेतल्या. लोक ओरडत होते. शेवटच्या फेरीला दोघे बरोबरीत आणि संदीपचा फटका चुकला. बॉल दोन कडांना लागून परत आला, नऊ नंबरच्याला हलका धक्का बसला, आणि तो लोळत लोळत खिशाच्या तोंडाशी गेला आणि पडला.

सगळ्या हॉलचे डोळे त्या खुर्चीकडे वळले. सगळ्यांना ती लाथ आठवली असणार. मला तर आठवलीच.

नितीनने बसल्या बसल्या स्टिकेचं बूड जमिनीवर दोनदा आपटलं. पूल खेळणाऱ्यांची ही टाळी. मग तो उठला, संदीपला मिठी मारली, आणि मागे वळून खुर्ची सरळ करून ठेवली. ती वाकडी झालेली नव्हती.

"बरो खेळलो हां तो," नितीनची आई शेजारणीला म्हणाली, संदीपबद्दल.

मी बाईंकडे बघितलं. त्या चष्मा काढून पदराने पुसत होत्या, आणि बराच वेळ पुसत राहिल्या.

"पुढच्या वर्षी गणपतीनंतर पहिली अक्षत याच्याकडे," त्या म्हणाल्या. "लक्षात ठेव. मी विसरेन."

बाई विसरल्या नसत्या, पण दिवाळीच्या सुमारास त्या आजारी पडल्या आणि गेल्या. फार दिवस काढले नाहीत. मला आईनंतर इतकं पोरकं कधी वाटलं नव्हतं, आणि हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, कारण पंचेचाळिशीचा बँक अधिकारी शाळेतल्या बाईंसाठी रडतो हे सांगायला अवघड जातं. म्हणून इथे सांगतो.

हॉल आता त्यांचा पुतण्या बघतो. मुलगा चांगला आहे. त्याने आमंत्रणं मोबाइलवर पाठवली, छान रंगीत केली होती. मी म्हटलं, पाठव. आणि करंडा घेऊन एकटाच लालबागला गेलो.

टॉवरमध्ये लिफ्टमधून बाहेर पडलो आणि जागीच उभा राहिलो. नितीनच्या दारावर हातभर लांब पितळी पाटी. तिच्यावर आडनाव, खाली नितीनचं नाव, आणि बाजूला पिवळ्या पट्ट्याचा नऊ नंबरचा बॉल कोरलेला. आंधळ्यालाही हाताने चाचपून कळली असती.

दार उघडलं ते आईने. मी अक्षता दिल्या, म्हटलं, "सहकुटुंब यायचं हं." माझ्या तोंडी ते जरा विचित्रच वाटलं. माउलीने मूठ मिटून कपाळाला लावली. मी पाटीकडे बघतोय हे तिच्या लक्षात आलं.

"बाईसुद्धा अशेच बघीत रवलेले," ती म्हणाली. "मी दाराच्या जाळीतसून बघीत होतंय. पाटी वाचल्यानी, चष्मो काढून पुसल्यानी, परत वाचल्यानी. वरच्या जिन्याकडे बघल्यानी. मगे बेल मारल्यानी."

मीही वरच्या जिन्याकडे बघितलं.

"माका कुंकू लावूक लागले. मी म्हटलंय, बाई, माका नको, नितीनचे बाबा गेले. तर म्हणाले, 'माझेही गेले. लावा.'" तिने कपाळाकडे बोट नेलं. "तेव्हापासून लावतंय."

मी करंडा पुढे केला. तिने आपलं आपण बोट बुडवलं.

आतून नितीन आला. गोदामातून नुकताच आलेला, अंगावर धूळ. माझ्या हातातला करंडा बघितला आणि एकदम घाईने आत गेला. मला वाटलं, डोळे पुसायला गेला. तो खुर्ची घेऊन आला. माझ्यासमोर ठेवली, हाताने झटकली आणि म्हणाला, "बसा ना, सर."

मी बसलो. समोर नितीन, शेजारी त्याची आई, मागे भिंतीवर साधा आरसा. बाई कुठेच नव्हत्या. तरी मी पाय जुळवून घेतले आणि ताठ बसलो.